खुर्चीची होडी

“पानी किती हाय?” होडीच्या तळाशी गोधडीवर आडवी पडलेल्या शांताने विचारलं.

एकनाथने बांबू टाकला. धक्क्याशीच जेमतेम हातभर पाणी होतं, म्हणजे पुढे खाडीतल्या उंचवट्यावर वीतभर असलं तरी नशीब. त्याने बांबू चटकन वर ओढला आणि बायकोच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, “बक्कल हाय. तू बोलू नको.”

लग्न होऊन ती या बेटावर आली त्या दिवसापासून खाडी ओलांडताना शांता हाच प्रश्न विचारत आली होती. माहेर निर्मळच्या बाजूला, केळीच्या बागेत. पाण्याची भीती तिला जन्माची. पाणी किती आहे हे कळून तिला काही उपयोग नव्हता, पण एकनाथने सांगितलं की तिचा जीव खाली बसायचा. पस्तीस वर्षं तो तिला खरं सांगत आला होता. आज पहिल्यांदा खोटं बोलला आणि ते तिला कळलं नाही, यानेच त्याला घाम फुटला.

तासाभरापूर्वी ती ओट्यावर तांदूळ पाखडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, “छातीवर कोनी पाटा ठेवलाय जसा.” मग डावा हात गेला, मग ओठ निळे पडले. सून दिशा घरीच होती. सातिवलीच्या तिच्या कारखान्याला शुक्रवारची सुट्टी. तिने फोनवर फोन लावले. पलीकडून डॉक्टरीण म्हणाली, ॲम्ब्युलन्स नायगावच्या धक्क्यावर उभी करते, तासाभरात आणा, त्याहून उशीर नको.

एकनाथने बोटांवर तिथी मोजली. आज द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ. नऊला भरती, तीनला ठार ओहोटी. आता दोन वाजत आले होते. म्हणजे पाणी अजून तासभर उतरणार आणि पुन्हा जरा चढायला साडेचार तरी वाजणार. बेटावरचं शेंबडं पोरदेखील या वेळी होडी सोडत नाही.

“थांबून चालेल का?” भावजय मालनने विचारलं होतं.

“नाय चालायचा,” एकनाथ म्हणाला, आणि त्याने शांताला दोन्ही हातांवर उचललं.

ती होडीही साधी नव्हती. अंधेरीकडच्या एका शेटने जिताडा गळाला लावायच्या हौसेपायी आणली होती. फायबरची, चपट्या बुडाची, मागे दांडगं मशीन, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, लोखंडी नळीने खोचलेली गोल फिरणारी खुर्ची. शेट त्या खुर्चीत बसून दिवसभर गरगर फिरायचा. दोन पावसाळ्यांत जिताड्यांनी त्याला दाद दिली नाही, पाठीने मात्र दगा दिला. जाताना होडी त्याने बेटाला देऊन टाकली, आजारी माणसाला न्यायला-आणायला. लोक तिला खुर्चीची होडी म्हणू लागले. बाळंतिणी, तापकरी, पाय मोडलेले, सगळे त्या खुर्चीत बसून सरपंचासारखे पलीकडे जायचे. एकनाथ मात्र कधी बसला नाही. शांता चिडवायची, “सगल्या गावाला बसवता, एकदा सोता बसा की राजावानी.” तो म्हणायचा, “होडीवाला बसला म्हंजे होडी बसली.”

आज शांताला बसवतही नव्हतं. तिला तळाशी निजवलं. मालनने तिचं डोकं मांडीवर घेतलं. दिशा पायाशी बसली, फोन मुठीत धरून. उमंग, तिचा नवरा, वालीवला ओव्हरटाइमला होता. तो थेट धक्क्यावर पोचतो म्हणाला होता.

तिवरांच्या कडेने जाणारा पहिला टप्पा सोपा. तिथे खाडी खोल आहे. एकनाथने मशीनचा वेगाचा दांडा पुढे ढकलला, नाळ वर उचलली गेली, मग खाली बसली आणि होडी पाण्याच्या वरच्या सायीवरून सरकल्यासारखी पळू लागली.

बेट आणि नायगावचा धक्का यांच्या बरोबर मध्ये चिखलाचा एक लांबोडका उंचवटा आहे. ओहोटीला तो म्हशीच्या पाठीसारखा वर येतो, म्हणून त्याला म्हैस म्हणतात. म्हशीच्या पाठीवरून एक अरुंद चर जातो, तेवढीच वाट. दर पावसाळ्यात चर जागा बदलतो आणि दर नारळी पुनवेनंतर एकनाथ कंबरभर चिखलात उतरून तो नव्याने शोधतो, कडेला सहा बांबू रोवतो. बांबू डाव्या हाताला ठेवून जायचं. हे काम त्याच्या बापाचं, मग त्याचं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

वालीवच्या गॅरेजातला फर्डिनंड या होडीचं मशीन बघायचा. पहिल्याच दिवशी त्याने एकनाथला बजावलं होतं, “एकनाथभाऊ, ही तुझी लाकडाची होडी नव्हे रे. ही उभी राहिली की हातभर पाणी खाते. पळती असली की वीतभरात भागवते. पाणी कमी दिसलं की तुझा हात मागे येणार. येऊ देऊ नको. खोल पाण्यात वेग घे, बटण दाबून मशीन वर उचल, आणि आरपार जा. मध्ये थांबलास की बसलास.”

एकनाथला ते पाठ होतं. भरतीचं पाणी अर्धंमुर्धं असताना त्याने दोन-चारदा केलंही होतं. पण चाळीस वर्षं त्याने उथळ पाण्यात एकच गोष्ट केली होती: हळू व्हायचं, बांबू टाकायचा, चाचपडत जायचं. अंगवळणी पडलेली गोष्ट अंगातून काढायला दुसरं अंग लागतं.

पहिला बांबू आला. चरातलं पाणी चहासारखं दिसत होतं आणि त्याखाली चिखलाच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. एकनाथने बटण दाबलं, मशीन उचललं. दुसरा बांबू. तिसरा. आणि तिथे एक बगळा उभा होता, चरात, पाय जेमतेम बुडालेले.

एकनाथचा हात मागे आला.

त्याने आणला नाही, आला. होडीची मागची बाजू खाली बसली, पंखा चिखलात घुसला, काळं पाणी उडालं आणि सगळं थांबलं. बगळा उडून गेला. मशीनच्या कुशीतून ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार पडत असते, ती बंद झालेली पाहून एकनाथने घाईने मशीन बंद केलं.

“पोचलो?” शांताने डोळे न उघडता विचारलं.

“पोचतो. पोचतो.”

तो खाली उतरला. मांडीपर्यंत चिखल. नाळेला खांदा लावून त्याने होडी मागे ढकलायला सुरुवात केली. दिशाही उतरली. दोघांनी ती इंचाइंचाने मागे आणली, पहिल्या बांबूच्याही मागे, जिथे वळणावर खाडीचा डोह आहे आणि ओहोटीलाही कंबरभर पाणी राहतं. वीस मिनिटं गेली त्यात. काडी घालून त्याने मशीनची धार मोकळी केली.

दुसऱ्यांदा त्याने लांबून वेग घेतला. मनात फर्डिनंडचं बोलणं जपासारखं चालू होतं. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यानंतर चर वळतो. वळणाच्या आत चिखल उघडा पडून चकाकत होता आणि होडी त्याच्याकडेच ओढली जातेय असं त्याला वाटलं. झालं. हात पुन्हा मागे.

या वेळी होडी बसली ती आवाज करून बसली. शांता कण्हली.

मालनने मांडीवरचं तिचं डोकं सावरलं. मग ती म्हणाली, “भावजी, तवा पन आपुन इथंच थांबलेलो.”

एकनाथने मान वर केली नाही. सात वर्षांपूर्वी, याच म्हशीवर, मालनचा नवरा तुळशीदास जुन्या लाकडी होडीत पाणी चढायची वाट बघत गेला होता. एकनाथचा सख्खा भाऊ. बांबू हातात घेऊन एकनाथच उभा होता. साडेतीन तास. पाणी चढलं तेव्हा त्यांनी त्याला पलीकडे नेलं नाही, परत घरी आणलं. पाणी भरपूर होतं, तरी हळूहळू. मयताची होडी घाईने चालवायची नाही, ही बेटाची रीत. आता कसली घाई, असं म्हणतात.

त्या दिवसाबद्दल मालनने त्याला कधी बोल लावला नव्हता. आजही लावला नाही. नुसतं सांगितलं.

पुन्हा ढकलणं. पुन्हा डोह. एकनाथ धापा टाकत नाळेला टेकला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. काळा, गाठी पडलेला, चिखलाने माखलेला हात. या हाताने त्याने आख्ख्या बेटाला चाळीस वर्षं बुडू दिलं नव्हतं आणि आज तोच त्याच्या बायकोच्या जिवावर उठला होता.

“बाबा,” दिशा म्हणाली, “तुम्ही प्रत्येक वेळी स्पीड कमी करताय.”

“ठाव हाय मना!” तो ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, “ठाव हाय गो पोरी. हात ऐकत नाय.”

दिशाने हातांवरचा चिखल झटकला. नालासोपाऱ्याच्या चाळीत वाढलेली पोर, तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा होडीत चढताना सासूचा पदर धरायची. “आमच्याकडे पावसात रस्ता म्हणजे सगळा कीचड,” ती म्हणाली. “त्यात स्कूटर घातली की ब्रेक नाही मारायचा. मारला की पडलीच. रेस एकसारखी द्यायची नि सरळ समोर बघायचं. हे पण तसंच आहे ना?”

एकनाथने तिच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस किलोची पोर. तो स्वतः नव्वद. आणि त्याच्या डोक्यात एकदम हिशोब लागला. त्या हिशोबात तो स्वतःच नको होता.

त्याने नाळेवरची खुर्ची दोन्ही हातांनी धरून नळीसकट उपसली आणि चिखलात फेकली. मग नांगर. मग पाण्याचा कॅन. मग खिशातला फोन काढून मालनच्या हातात दिला.

“हे काय करता?” मालन घाबरली.

“भार उतरवतोय. मालन, तू तिला घेऊन अजून पुढं सरक, नाळेकडं. दिशा, बस मागं. दांडा धर.”

“मी? बाबा, मी कधी…”

“म्हनून तूच. तुज्या हाताला काय ठाव नाय, तेच बरा हाय.” तो चिखलातून तिच्यापाशी आला. “ऐक. या डोहात एक गोल मार, जोर घे. नाळ वर उठंल, घाबरू नको. नाळ खाली बसली म्हंजे होडी पलाया लागली. तवा हा बटन दाब, मशीन वर घे. पंखा हवेत भुंकाया लागला तर मशीन थोडा खाली. बांबू डाव्या हाताला, सहाच्या सहा. पान्याकडं बघायचा नाय. पलीकडं धक्का दिसतो, तिथं बघायचा.”

“आणि ब्रेक?”

“ब्रेक नाय हिला.”

“मग ठीक आहे,” दिशा म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण हात नाही. एकनाथने ते नीट पाहून घेतलं.

तो शांतावर वाकला. तिचे डोळे अर्धे उघडे होते.

“तुम्ही नाय येत?” तिने विचारलं.

“मागून येतो.”

“पानी?”

“बक्कल हाय,” तो म्हणाला आणि तिच्या कपाळावरचा चिखल पुसायला गेला तर आणखीच लागला.

त्याने होडी डोहात लोटून दिली. मशीन पेटलं. दिशाने गोल मारला, पहिला वेडावाकडा, दुसरा बरा. नाळ उठली, बसली, आणि होडी त्याच्या अंगावर चिखलाचा फवारा उडवत चरात शिरली. एकनाथ तोंडावरचा चिखल पुसत मोठ्याने मोजू लागला. एक. दोन. तीन. वळण. होडी तिरपी झाली, पंख्याने काळा चिखल उडवला, मशीनचा आवाज घसरला.

“थांबवू नको!” तो छाती फुटेस्तोवर ओरडला. “थांबवू नको गो बाय!”

तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण तिने थांबवली नाही. चार. पाच. आवाज पुन्हा चढला. सहा. होडी मोठ्या खाडीच्या निळ्या पाण्यात गेली आणि तिच्यामागे पांढरी रेघ उमटली.

एकनाथ एकटाच त्या चिखलात लहान पोरासारखा हसला. मग रडला. मग उभं राहून राहून पाय रुतायला लागले, तेव्हा त्याचं लक्ष खुर्चीकडे गेलं. तो ती ओढत म्हशीच्या पाठीवर घेऊन आला, जिथे शिंपल्यांचा थर आहे आणि जमीन जरा टणक आहे. नळी चिखलात दाबली. ती पार आत गेली आणि बैठक शिंपल्यांवर टेकली. आजूबाजूला बघून, जणू कुणी हसेल, एकनाथ त्या खुर्चीत बसला.

खुर्ची मऊ होती. शांताला सांगायला पाहिजे, त्याच्या मनात आलं. बसलो बघ राजासारखा. ती म्हणेल, कुठं? तर चिखलात. ती पदर तोंडाला लावून हसेल.

समोर धक्का दिसत होता. त्यावर ॲम्ब्युलन्सचा पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती हलणारे बारके ठिपके. होडी लागली. ठिपके एकत्र झाले. एकनाथ गाडी सुटायची वाट बघू लागला.

गाडी सुटली नाही. सलाईन लावत असतील, त्याने स्वतःला सांगितलं. आधी सलाईन लावतात, मग नेतात. चिखलातून निवट्या मासळ्या उड्या मारत होत्या. आभाळात एकही ढग नव्हता. ठार ओहोटी झाली आणि चरातलं पाणी दोन बोटं उरलं. गाडी तिथेच. उमंग पोचायचा असेल, त्याच्यासाठी थांबली असेल. मग त्याला वाटलं, ट्रॅफिक असेल, नायगावच्या फाटकाशी काय कमी ट्रॅफिक असतो? उभी गाडी ट्रॅफिकमध्ये कशी अडकेल, हे स्वतःलाच विचारायचं त्याने टाळलं.

मग बारीक खळखळ करत पाणी परत फिरलं. चर भरला. शिंपले भिजले. एकनाथच्या घोट्यांना पाणी लागलं, मग गुडघ्यांना. सूर्य खाडीच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्याच्या बाजूला कलला. तेव्हा ॲम्ब्युलन्स हलली. तिचा दिवा फिरत नव्हता आणि भोंगाही वाजत नव्हता.

थोड्या वेळाने होडी निघाली.

चढत्या पाण्याने म्हैस आता पार बुडाली होती. चरात दोन हात पाणी होतं. अशा पाण्यातून खुर्चीची होडी पाच मिनिटांत आली असती. एकनाथ उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. मशीन अगदी खालच्या सुरात चालू होतं. होडी येत होती, पण येत नव्हती. तीन बांबू पार करायला तिला इतका वेळ लागला की, एकनाथला आणखी काही सांगायची कुणाला गरजच उरली नाही. मालनने दिशाला रीत सांगितली असणार.

पाणी त्याच्या मांडीपर्यंत आलं होतं. त्याने वाकून खुर्ची उपसली. नळीला चिखल होता, तो खळखळून धुतला. बैठक हाताने पुसली.

होडी जवळ आली. उमंग आईचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. मालनने पदर तोंडावर ओढला होता. दांड्यावर दिशाच होती. तिचं तोंड चिखलाने भरलेलं होतं आणि त्यातून दोन स्वच्छ रेघा खाली उतरल्या होत्या.

“बाबा,” ती म्हणाली, “मी कुठेच थांबले नाही. खरंच नाही थांबले.”

“पायला मी,” एकनाथ म्हणाला. “सहाच्या सहा बांबू. मी पायला.”

त्याने खुर्ची नळीसकट तिच्या जागी खोचली आणि होडीत चढला. उमंग उठून दांडा घ्यायला लागला, तेव्हा एकनाथने मान हलवली. “ऱ्हाऊ दे. तिलाच चालवू दे.”

खुर्ची रिकामीच राहिली. एकनाथ तिच्या शेजारी नाळेवर उभा राहिला. बांबू उचलून त्याने पाण्यात टाकला. टाकायची काही गरज नव्हती. तळ लागला, तशी त्याने बांबूवरची खूण बघितली आणि मागे वळून शांताच्या झाकलेल्या तोंडाकडे पाहून, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं,

“दोन हात हाय, शांते. आता बक्कल हाय.”

पुढे घरचा धक्का येईपर्यंत तो दर दहा हातांवर बांबू टाकत राहिला आणि पाणी सांगत राहिला.